एकटा असलो की भीती वाटते

२ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन. १९६१ साली याच दिवशी पंडित नेहरूंच्या हस्ते राज्याच्या पोलीस दलाला ध्वज मिळाला. त्या आठवड्यात शाळांना ठाण्यातून निरोप येतो, मुलांना घेऊन या. आम्हीही दरवर्षी सातवी-आठवीची रांग घेऊन जातो. मुलांना रायफल दाखवतात, वायरलेसवर दोन शब्द बोलू देतात, रिकामी कोठडी उघडून दाखवतात. मुली हसत आत जातात आणि लगेच बाहेर येतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याने ठाण्यातल्या हवालदारांना सरळ विचारले, "काका, तुम्हाला भीती वाटते का?" आम्ही त्याला डोळ्यांनी दटावले. पण हवालदार रागावले नाहीत. म्हणाले, "वाटते की. एकटा असलो की वाटते. दोघं असलो की निम्मी होते."

शाळेत परतल्यावर मुले रायफलीबद्दल बोलत होती. आमच्या डोक्यात मात्र ते वाक्य राहिले. सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांतून फौजेत आणि पोलिसांत माणसे जाण्याची परंपरा जुनी आहे. पण खाकीतला माणूस रोज कामावरून सुखरूप घरी कसा येतो, त्याला कोण सांभाळते, याचा विचार आपल्या घरांत फारसा होत नाही. आपल्या मोहल्ल्यात पोलीस म्हटले की चर्चा बहुतेक तक्रारीची असते. तक्रारीला कारणे आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊच.

आधी साताऱ्याच्या दोन माणसांबद्दल. दोघेही मुंबईत नोकरी करत होते, दोघेही कर्तव्यावर असताना गेले. एक जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे, दुसरे वाई तालुक्यातले विलास शिंदे.

ओंबळे यांचे नाव मुलांनाही पाठ आहे. आधी लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये, मग १९९१ पासून मुंबई पोलिसांत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ते डी. बी. मार्ग ठाण्याच्या सहकाऱ्यांबरोबर गिरगाव चौपाटीवरच्या नाकाबंदीला उभे होते. त्या तुकडीतल्या बहुतेकांच्या हातात काठ्या होत्या, बंदुका थोड्यांकडेच. दहशतवाद्यांची स्कोडा गाडी अडथळ्यापाशी आली, वळायला गेली आणि दुभाजकावर अडकली. गाडी चालवणारा पोलिसांच्या गोळीने ठार झाला. दुसऱ्या बाजूने कसाब उतरला. ओंबळे यांनी त्याच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि सोडली नाही. गोळ्या त्यांच्या शरीरात गेल्या. मागचे सहकारी त्यामुळे वाचले आणि त्यांनी काठ्यांनी मारून कसाबला जिवंत पकडले. सहकारी संजय गोविलकर यांनाही गोळी लागली होती. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

ही हकीकत सांगताना आपण नळी धरणाऱ्या हातांवर थांबतो. त्या हातांचे मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण त्यांच्या मागे दहा-पंधरा माणसे होती आणि पळाले कुणी नाही. ते एकटे असते तर नळी सुटली असती आणि पुढचे काहीच घडले नसते. जिवंत पकडलेल्या एका माणसामुळे सगळा कट न्यायालयात उलगडला. (त्याच दिवसांत मुंबईच्या मुस्लिम जमातीने ठार झालेल्या नऊ दहशतवाद्यांना बडा कब्रस्तानात जागा नाकारली होती, हेही आपल्या मुलांना सांगायला हवे.)

त्याच रात्री, त्याच शहरात दुसरीकडे मात्र मदतीची हाक वेळेत पोचली की नाही, हा प्रश्न राहिला. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर गेले. शिपाई अरुण जाधव त्याच गाडीत जखमी होऊन सहकाऱ्यांच्या देहांखाली पडून होते. पुढे संधी मिळताच त्यांनी वायरलेसवरून नियंत्रण कक्षाला खबर दिली. अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी नंतर माहितीच्या अधिकारात त्या रात्रीच्या वायरलेसच्या नोंदी मिळवल्या. कोणी किती वाजता मदत मागितली आणि उत्तर काय मिळाले, याचा मिनिटामिनिटाचा हिशेब त्यांनी 'टू द लास्ट बुलेट' या पुस्तकात मांडला. नवरा गेल्यावर एका बाईने रडणे बाजूला ठेवून नोंदवही मागितली, हे आम्हाला फार मोठे वाटते. सहकाऱ्याची साथ म्हणजे नुसती भावना नव्हे. वायरलेसच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाने हाक ऐकून लगेच गाडी पाठवणे, ही साथ.

आता विलास शिंदे. २३ ऑगस्ट २०१६ ची गोष्ट. मुंबईत खार इथल्या एका पेट्रोल पंपाजवळ त्यांनी हेल्मेट नसलेल्या, वय पूर्ण न झालेल्या एका मुलाला थांबवले आणि कागदपत्रे मागितली. मुलाने फोन करून मोठ्या भावाला बोलावले. भाऊ आला आणि त्याने मागून शिंदे यांच्या डोक्यात लाकडी दांडके घातले. ३१ ऑगस्टला लीलावती रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. वय ५२.

मुलगा आणि भाऊ, दोघेही आपल्या समाजातले होते. हे लिहिताना हात जड होतो, पण लपवून उपयोग नाही. त्या बातमीनंतर आमच्या शिक्षक खोलीत चार दिवस शांतता होती. मग एका सहकाऱ्याने हळूच विचारले, "आपल्या वर्गातली किती मुले बाइकवर येतात?" आम्ही दुसऱ्या दिवशी फाटकाजवळ उभे राहून मोजली. आकडा इथे देत नाही, पण मोजल्यावर आम्हालाच लाज वाटली. त्यातला एक तर आमच्याच घरचा, बहिणीचा मुलगा. आमच्याच किल्लीने, आमच्याच डोळ्यांदेखत निघालेला. दूध आणायला जवळच जातो, मग शाळेपर्यंत, मग मिरज-सांगली रस्त्यावर. कुणी अडवले तर "मामूंना फोन लाव" हे त्याला आम्हीच शिकवले होते.

घराघरांत माहीत असावे म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९अ आले. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी मिळते ते फक्त बिनगियरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचे. आपल्या गल्लीत उभ्या असतात त्या स्कूटर या मोजमापात बसत नाहीत. बहिणीच्या मुलाची किल्ली आम्ही त्याच आठवड्यात काढून घेतली. तो महिनाभर आमच्याशी बोलला नाही.

शिंदे यांच्या प्रकरणात आम्हाला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट म्हणजे त्यांच्यावर दांडके पडले ते मागून. मागे बघायला दुसरा कुणी नव्हता. ओळखीच्या एका निवृत्त फौजदारांना आम्ही याबद्दल विचारले. ते म्हणाले, नाकाबंदीची पहिली रीत हीच, की एकाने गाडीवाल्याशी बोलायचे आणि दुसऱ्याने बोलणाऱ्याच्या पाठीशी उभे राहायचे. दुसऱ्याने हात रिकामे ठेवायचे, मोबाइल बघायचा नाही. गाडीसमोर उभे राहायचे नाही, बाजूला राहायचे. बॅरिकेड असे लावायचे की गाडीला नागमोडी जावे लागेल आणि वेग आपोआप कमी होईल. रात्री चमकणारे जाकीट घातल्याशिवाय रस्त्यावर पाऊल नाही. भुईंज किंवा कराडकडच्या महामार्गावर अपघाताची गाडी बाजूला घेताना पोलिसाला धोका असतो तो मागून येणाऱ्या ट्रकचा. म्हणून एक जण जखमीला उचलतो आणि एक जण शंभर पावले मागे जाऊन बॅटरी हलवत राहतो. "बॅटरीवाल्याचा फोटो पेपरात येत नाही," ते म्हणाले, "पण सगळे त्याच्याच भरवशावर वाकलेले असतात."

कैद्याला कोर्टात नेतानाही असेच. एकटा शिपाई कैद्याला घेऊन एसटीत बसला तर त्याला लघवीलाही जाता येत नाही. हसण्यासारखे वाटते, पण त्यांच्या नोकरीतल्या कितीतरी अडचणी अशाच साध्या असतात. बायकांचे हाल त्याहून जास्त. बंदोबस्ताच्या जागी शौचालय नसते, म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या महिला शिपाई आम्ही स्वतः पाहिल्या आहेत. दोघी असल्या तर एक जण पर्स आणि काठी धरते, दुसरी जवळच्या घराचे दार वाजवते. आपल्या दारावर अशी थाप पडली तर बाई कोण, कुठली, न विचारता आत घ्यावे.

आपल्या दोन जिल्ह्यांत बंदोबस्त कधी संपतच नाही. पौषात मांढरदेवीची यात्रा. तिथे २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरीत सुमारे ३०० भाविक गेले, तेव्हापासून त्या घाटातला बंदोबस्त किती कडक असतो ते वाईकरांना विचारावे. आषाढाच्या तोंडावर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, फलटणकडे येते. मिरजेत ख्वाजा शमना मीरांचा उरूस. कडेगावला मोहरमचे उंचच उंच ताबूत, तिथे हिंदू-मुस्लिम दोन्ही खांदे लागतात. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत तर गणपती मशिदीत बसतो. या सगळ्या ठिकाणी रस्त्याकडेला तोच माणूस उभा असतो, बारा-बारा तास आणि कधी त्याहून जास्त.

ड्युटी आठ तासांची करावी हा विचार मुंबईत अंमलात आला तो एका शिपायाने मांडला म्हणून, हे थोड्यांना माहीत असेल. देवनार ठाण्यातले रवींद्र पाटील यांनी पाळ्यांचे गणित मांडून तो प्रस्ताव त्या वेळचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापुढे ठेवला. मे २०१६ मध्ये आधी देवनारमध्येच प्रयोग झाला, मग तो मुंबईत इतरत्र गेला. पोलिसांना कामगारांसारखी संघटना बांधता येत नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांनी उठाव केला तेव्हा त्यांची संघटना मोडून काढण्यात आली. त्यामुळे सहकाऱ्यांसाठी काही करायचे तर असे कागदावर गणित मांडून वरिष्ठांना पटवणे, पोलिसांची पतसंस्था चालवणे, कल्याण निधी, कुटुंब आरोग्य योजना, हेच मार्ग उरतात. आमच्या ओळखीच्या एका पोलीस कुटुंबात मुलीचे लग्न पतसंस्थेच्या कर्जावर झाले आणि जामीनदार म्हणून सही केली ती पुढच्याच क्वार्टरमधल्या माणसाने. नातेवाईक त्या वेळी फोन उचलत नव्हते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. त्या दिवसांत खाकीतली माणसे बोटीतून म्हाताऱ्यांना काढत होती आणि त्यांच्यातल्या काहींची स्वतःची घरे पाण्यात होती. मग मार्च २०२० मध्ये इस्लामपूर. परदेशातून परतलेल्या एका कुटुंबात कोरोना निघाला, बघता बघता आकडा पंचविशीत गेला, शहर बंद झाले आणि मोबाइलवर आपल्या समाजाविरुद्ध विष पसरू लागले. बॅरिकेडपाशी उभ्या असलेल्या पोलिसांना तेव्हा मास्कही धड मिळाले नव्हते. पुढे मुंबईत ५५ वर्षांवरच्या पोलिसांना घरी थांबायला सांगितले, म्हणजे त्यांच्या वाटची ड्युटी तरुणांनी उचलली. राज्यभरात कितीतरी पोलीस त्या साथीत गेले. इस्लामपूरच्या त्या गल्लीत दूध, औषधे पोचवणारे हात कोणाचे होते, हे तिथले लोक विसरलेले नाहीत.

आता तक्रारीकडे येतो. मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या एका कमानीवरून दंगल पेटली. खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सप्टेंबर २०२३ मध्ये जमाव मशिदीत शिरला आणि एक तरुण जिवाला मुकला. त्या रात्री पोलीस कुठे होते, किती होते, हा प्रश्न आपल्या घरांत आजही निघतो आणि तो विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. आम्हाला त्यात एवढेच जोडायचे आहे की हजाराच्या जमावासमोर चार शिपाई उभे केले तर ते जमावाला आवरू शकत नाहीत आणि स्वतःलाही वाचवू शकत नाहीत. कुमक वेळेत आली तरच पोलीस सुरक्षित राहतो, आणि तेव्हाच आपणही राहतो.

सांगलीच्या माणसाला मात्र एक नोव्हेंबर कायम आठवतो, २०१७ चा. शहर ठाण्यात एका तरुणाचा कोठडीत मारहाणीत मृत्यू झाला. त्याचा देह आंबोली घाटात नेऊन जाळला गेला आणि आरोपी पळून गेला असे सांगितले गेले. खरे उघडकीस आले, त्याच ठाण्यातल्या अधिकाऱ्यासह कर्मचाऱ्यांना अटक झाली, तपास सीआयडीकडे गेला. एवढे अंतर तो देह एकट्याने नेता येत नाही. कुणीतरी गाडी दिली असेल, कुणीतरी दार उघडले असेल, कुणीतरी न बघितल्यासारखे केले असेल. त्यांनाही त्या रात्री वाटले असेल की आपण सहकाऱ्याला सांभाळतो आहोत.

आम्ही वर्गात बसणारी माणसे. एक मुलगा कॉपी करतो आणि दुसरा त्याला झाकतो, हे रोज बघतो. झाकणाऱ्याला आपण दोस्ती निभावली असे वाटते. ठाण्यात हीच सवय आली तर माणूस मरतो. पहिली थप्पड पडली तेव्हाच एखाद्या शिपायाने "साहेब, बास" म्हणून हात धरला असता तर तो तरुण वाचला असता आणि त्याचबरोबर पाच-सहा पोलिसांची घरेही वाचली असती. असा हात धरणे ओंबळ्यांच्या हातांपेक्षा सोपे नाही, कारण समोर शत्रू नसतो, आपलाच वरिष्ठ असतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचा आदेश दिला. पुष्कळ पोलिसांना तो आपल्यावर पाळत ठेवणारा वाटतो. आम्हाला वाटते, "साहेब, बास" म्हणू न शकणाऱ्या शिपायाच्या मागे तो कॅमेरा उभा असतो.

आपली मुले या नोकरीत कमी जातात. आमच्या शाळेतून गेल्या वीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतकी गेली. पहाटे मैदानावर भरतीसाठी धावणारी मुले दिसतात, १६०० मीटर, गोळाफेक, शंभर मीटर. त्यांत आपले एखादेच. घरून पहिला शब्द येतो, "तिथे आपलं कोण आहे?" मुलगी असेल तर विचारायलाच नको.

तरी एक मुलगी गेली. आमचीच विद्यार्थिनी, नाव लिहीत नाही. अब्बा टेम्पो चालवतात. प्रशिक्षण संपवून ती आता सातारा जिल्ह्यातल्या एका ठाण्यात आहे. अम्मीने पहिले सहा महिने रोज रात्री फोन केला. आता करत नाही, कारण नाइट असली की पोरीच्या आधी तिच्या जोडीदारणीचाच मेसेज येतो, "काकू, पोचलो दोघी."

गेल्या रमजानमध्ये तिचा एका चौकात बंदोबस्त होता. मगरिबची अजान झाली तेव्हा गर्दी भरात होती. जोडीदारीण म्हणाली, "तू बस त्या दुकानाच्या पायरीवर, पाणी पी, खजूर खा. चौक मी बघते." मग दिवाळीत भाऊबीजेची ड्युटी आमच्या पोरीने मागून घेतली, जोडीदारणीचा भाऊ पुण्याहून येणार होता. हजेरी मास्तरांनी दोन्ही वेळा अदलाबदल लिहून घेतली, एक शब्द विचारला नाही.

परवा तिच्या अम्मी बाजारात भेटल्या. हातात पिशवी, पिशवीत साबुदाणा आणि शेंगदाणे. आम्ही विचारले, हे काय, तुमच्याकडे? म्हणाल्या, "सर, उद्या एकादशी हाय ना. डबा दोघींचा जातो."